पाच घरचं पीठ

१३ ऑगस्ट, मंगळवार

काल सोलापूर. डॉक्टरांनी रिपोर्ट पुढं मांडले, चष्मा कपाळावर सरकवला न् म्हणाले, "छान. अशीच राहा." वजन वाढलं. रक्त वाढलं. केस गळायचे थांबले हे मीच सांगितलं, नाहीतर त्यांना कसं कळणार. इन्सुलिन तेच, दिवसातून चारदा. थायरॉईडची गोळी तीच, उपाशीपोटी. गहू बंद. तो जन्मभर बंदच.

तिन्ही दुखणी एकाच घराण्यातली, असं ते पहिल्यांदा म्हणाले होते. नववीत साखर, बारावीत थायरॉईड, आणि गेल्या वर्षी एम.एस्सी.ला नाव घातलं त्याच पावसाळ्यात हे गव्हाचं. शरीर आपल्याच माणसांवर उठतं. म्हणजे भाऊबंदकी. ती समजायला भूम तालुक्यात डॉक्टर लागत नाही.

परतताना बसमधून आईला फोन केला. म्हणाले, "डॉक्टर छान म्हणाले." इथंच चुकलं.

आई म्हणाली, "डॉक्टरच म्हणले का तू म्हणायलीस?"

"डॉक्टरच, आई."

मागं आण्णा खव्याच्या भट्टीवर कुणावर तरी दुधावरून ओरडत होते. मग आई एकदम हळू म्हणाली, "मग औंदा फेडून टाकू या की, मने."

काय फेडायचं ते विचारावं लागलं नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

भाकरी भाजताना रुबीला सांगितलं. रूमवर शेगडीची परवानगी वॉर्डनबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी बघून दिली आहे. तवा माझा, परात माझी, पिठाचा डबा माझा. रुबी त्यांना हात लावायच्या आधी स्वतःचे हात धुते. वर्ष झालं, एकदा कुरकुर नाही. परंड्याची ही पोरगी रूममेट मिळाली, एवढं तरी नशीब बरं.

तिला म्हटलं, नववीत मी सोलापूरला दवाखान्यात बेशुद्ध होते. आण्णा बाहेर बाकड्यावर. आई कुणाला न सांगता पहाटेच्या गाडीनं तुळजापूरला गेली आणि देवीपुढं बोलून आली: पोरगी धड झाली की परडी घेऊन पाच घरी जोगवा मागंल, अन् त्याच पिठाची भाकर खाईल.

"आमच्यात मन्नत म्हणतात," रुबी म्हणाली. "पूरी करावी लागते." मग तिची ट्यूब पेटली. "थांब. पाच घरचं पीठ म्हणजे गव्हाचं पण?"

"ज्याच्या घरात जे असेल ते."

"मग तर तू गेलीस."

दोघीही हसलो. मग मला हसू येईना.

त्या वेळी गव्हाचं कुणाला ठाऊक होतं? आईला नाही, मला नाही, आणि देवीलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. दर नवरात्राला आई विचारायची, "औंदा?" आणि दर वर्षी मी कशानं तरी आडवी असायचे. त्यामुळं नवस लांबत गेला. आता गहू सोडल्यावर अंगावर मांस चढलं, आणि ते बघून आईला वाटतंय पोरगी धड झाली. म्हणजे गहू सोडून बरी दिसते म्हणून गहू खाऊन नवस फेडायचा. हे देवीलाच विचारायला पाहिजे.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

लॅबमध्ये शुगर घसरली. ब्युरेट हातात, आणि कडेनं सगळं पांढरं व्हायला लागलं. रुबीनं माझ्या तोंडात ग्लुकोज कोंबलं, खाली बसवलं. पंधरा जण बघत होते. मला अशा वेळी सगळ्यांचा राग येतो, रुबीचासुद्धा. नंतर लाज वाटते. दोन्ही गोष्टी शु. वर आल्यावर जातात, पण बघणाऱ्यांना ते दिसत नाही.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "मनीषा, एक वर्ष गॅप घेतलीस तर? तब्येत आधी." चांगल्या मनानं म्हणाल्या म्हणून जास्त लागलं.

गेल्या वर्षी दवाखान्यात होते तेव्हा एक प्रॅक्टिकल राहिलं. ते आता परत आहे, दसऱ्यानंतरच्या सोमवारी. हेही हुकलं तर वर्ष गेलं. मग गॅप मागायची गरजच नाही, ती आपोआप मिळते. गॅप म्हणजे घर. घर म्हणजे भट्टीमागची खोली, आणि खवा न्यायला येणारा प्रत्येक माणूस विचारणार, "काय पोरी, पित्त बसलं का न्हाई?"

साखर गावाला माहीत आहे. बाकी सगळं आईनं पित्त या एका शब्दात बसवून टाकलंय.

११ सप्टेंबर, बुधवार. घरी

महालक्ष्म्या जेवल्या. घर भरलेलं. पुरणाचा वास, वर भट्टीवरून खव्याचा. आंबील ज्वारीची, म्हणून ती माझी. पुरण आईनं गूळ घालायच्या आधी माझ्यासाठी वाटीभर वेगळं काढलं होतं. विसरत नाही कधी. याच बाईशी मी आज भांडले.

ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "नवरात्रातल्या शुक्रवारी घेऊ परडी. दुसऱ्या."

"आई, पाच घरचं पीठ मला चालत नाही. तुला माहीत आहे."

"एकच घास. देवीचा घास काय करतंय?"

"देवीचा असला तरी गव्हाचाच ना."

"अगं पण बरी झालीस म्हणलीस की तूच."

"डॉक्टर छान म्हणाले. बरी नाही म्हणाले. मी बरी झालेली नाही. नीट चाललंय, एवढंच. आणि बरी होणारही नाही मी, आई. कधीच. हे असंच."

लाटणं थांबलं. मोठ्यानं बोलले होते; बाहेर काकवा गप्प झाल्याचं ऐकू आलं. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "लक्ष्म्या बसलेल्या असताना असं बोलू ने." आणि पुढची पोळी लाटायला घेतली. तिचे हात पोळीवर नेहमीसारखेच फिरत होते. तोंड मात्र बारीक झालं होतं.

खरं बोलले याचा पश्चात्ताप नाही. पण ते कधीतरी नीट बसून सांगायचं होतं. असं लाटण्यावर फेकायचं नव्हतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार. घरी

सकाळी भट्टीवर गेले. आण्णा कढईत खवा फिरवत होते. त्यांना बोलायचं असलं की ते कढईकडं बघतात.

"काल आईच्या ताटात काय हुतं बघितलंस का?"

"भाकरी."

"का?"

"माझ्यामुळं. मी खात नाही म्हणून ती पण..."

"न्हाई." उलथनं फिरत राहिलं. "तुझ्या आधीपासनं. तुळजापूरला बोलली ना, तवाच बोलली. पोरगी त्या पिठाची भाकर खाईस्तोवर म्या गव्हाला तोंड लावणार न्हाई. तुझ्या मावशीच्या पोरीच्या लग्नात बी भात खाऊन आली."

नववीपासून. म्हणजे इतक्या दिवाळ्या, इतके पोळे, दरवर्षी ढिगानं पोळ्या लाटून. ती सगळ्यांच्या मागून जेवायला बसते आणि तिच्या ताटात काय आहे हे आम्ही कुणी बघितलं नाही. मी तर नाहीच.

"मला का नाही सांगितलंत?"

"तिनं सांगू दिलं न्हाई. आधीच पोरीला सतरा वझी, अजून एक कशाला, म्हणली."

खवा झाला की आण्णा चिमूटभर बोटावर घेऊन बघतात. लहानपणी तो माझा असायचा. आज हात माझ्याकडं आला आणि अर्ध्यात थांबला. "चालंल का?" म्हणाले. चालतो, मोजून. घेतला. मग तोंडात खवा असताना रडले, ते त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हॉस्टेल. सकाळची गोळी, मग तासभर थांबा, मग इंजेक्शन, मग खाणं. सगळं वेळेवर. मन जागेवर नाही.

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, एक घास खाल्ला तर? ते म्हणाले, "मनीषा, हे दुखणं एका घासाचंच आहे. आणि तुझ्यात साखर पण आहे. इंजेक्शन घेतलंस आणि खाल्लेलं पोटात टिकलं नाही तर काय होतं ते तू मला सांगायचं." गेल्या वर्षी तेच तर झालं होतं. म्हणून तर प्रॅ. राहिलं.

"आईशी बोलू का मी?" म्हणाले. नको म्हटलं. आईला हे कळत नाही असं नाही. तिला कळतं. पण तिनं शब्द दिलाय आणि तो माझ्या पोटाच्या नावानं दिलाय.

देवीवर माझा विश्वास आहे का? माहीत नाही. आईच्या शब्दावर आहे, ही अडचण आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

रुबीची आयडिया: त्या पाच घरी आपलंच पीठ आधी नेऊन द्यायचं, त्यांनी तेच परडीत घालायचं. झालं. मला पटली. लगेच फोन लावला.

आईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग, "आपलंच पीठ आपणच मागून आणायचं? त्यो काय जोगवा झाला? देवीला फशिवल्यावाणी झालं, मने."

"मग पाच घरांना नुसती ज्वारी घाला म्हणून सांग."

"जवारी बी गिरणीतलीच की. तूच म्हणलीस, गिरणीत आधी गहू दळत्यात, त्यो जात्यात ऱ्हातो, तुला त्यो बी बाधतो. म्हणून तर तुझ्या आण्णानं घरघंटी आणली."

बरोबर. मीच शिकवलेलं मला परत ऐकवलं. घरघंटीत माझ्या ज्वारीशिवाय दुसरं धान्य पडत नाही, काकूंना डाळीसाठीसुद्धा देत नाही, त्यावरून एकदा रुसवाही झालाय.

"मग नको फेडू," मी म्हणाले.

"आणि म्या?" आई म्हणाली. एवढंच. मग म्हणाली, दूध आलंय, ठेवते.

तिला कळलंय की मला कळलंय.

२९ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन, तिचा तिनं केलेला. सुरुवातच, "ऐक. काढली म्या वाट."

त्यांची ज्वारी, आपली घरघंटी. पाचही घरच्यांनी आपापली ज्वारी घेऊन आमच्याकडं यायचं, इथं दळायची, पीठ आपल्या घरी न्यायचं आणि शुक्रवारी त्यातलंच परडीत घालायचं. धान्य त्यांचं, दान त्यांचं. दळलं फक्त इथं. "यात देवीला काय फशिवलं सांग?"

काही नाही. मी इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकतेय, मला हे सुचलं नाही.

"पण का दळायचं ते सांगावं लागेल त्यांना," मी म्हटलं.

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"समदं. गहू बाधतो, जन्मभर बाधणार. पित्त न्हाई म्हणून बी सांगितलं. इंदूकाकू म्हणली, अगं बया, मग आधी का लपिवलंस. म्हणलं, चुकलं." मग, "नानीला दोनदा सांगितलं, तिला कमी ऐकू येतंय."

पाच घरी चालत जाऊन आईनं ज्या गोष्टी माझ्याही पुढं मोठ्यानं म्हटल्या नव्हत्या त्या म्हटल्या. त्यातली शेवटची कशी म्हटली असेल. "जन्मभर."

फोन ठेवल्यावर रुबीनं विचारलं, का रडतेस? म्हटलं, आनंदानं. ती म्हणाली, "तेरा कुछ भी नक्की नाही बाबा."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस पडून. साधा ताप, पण माझ्याकडं साधं काही राहत नाही. शु. चढलेलीच. तास बुडाले. मॅडमचा मेसेज: प्रॅ.ची तारीख बदलणार नाही. बदला म्हणून मी मागितलंच नव्हतं.

रुबीनं वही आणून दिली. तिचं अक्षर वाचायला वेगळी डिग्री पाहिजे.

१० ऑक्टोबर, गुरुवार. घरी

दुपारपासून घरघंटी चालू. एकेक जण पदराखाली पिशवी घेऊन आली. गंमत म्हणजे कुणी हाताशी लागेल ती ज्वारी आणली नाही. निवडून, पाखडून, मोत्यासारखी. इंदूकाकूंनी पिशवीसुद्धा नवी आणली, "जुन्या पिशवीत गहू हुता, म्हणलं नगं." मला उगाच सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

नानी सगळ्यात शेवटी. आण्णांची चुलती, गावातली सगळ्यात म्हातारी बाई असेल. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "किती वाळलीस गं." वजन वाढलंय म्हटलं. तिनं ऐकलं नाही किंवा मान्य केलं नाही.

नवी परडी आईनं तुळजापूरहून आणली आहे. ओट्यावर ठेवलीय, हळद लावून. आई आज तिच्याकडं सारखी बघते. एखाद्याच्या घरी सोयरीक ठरली की बायका जशा दिसतात तशी दिसते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. घरी

उपास मला माफ. देवीनं नाही, डॉक्टरांनी.

हिरवी साडी, कवड्यांची माळ, परडी हातात. पाठीमागं आई. पहिल्या दारात आईच म्हणाली, "जोगवा वाढा, माय." मग दुसऱ्या दारात मी म्हणाले. आपल्याच गल्लीत, जिथं सगळे मला एम.एस्सी.वाली म्हणतात, तिथं हात पुढं करून मागायचं. वाटलं होतं लाज वाटेल. वाटली नाही. प्रत्येक दारात बाई कुंकू लावून सुपातून पीठ घालायची आणि हळूच म्हणायची, "घरघंटीचंच हाय बरं का." चार घरं अशी झाली. परडीत ज्वारीचं पीठ, करडं, थंड. मला वाटायला लागलं होतं की हे होणार.

पाचवं घर नानीचं.

तिनं ज्वारीचं पीठ घातलं. कुंकू लावलं. मी वळणार तेवढ्यात म्हणाली, "थांब गं." आत गेली आणि ओंजळ भरून आली.

"नानी," आई म्हणाली.

"निसती जवारी घालून लावून देऊ व्हय पोरीला? देवीच्या परडीत? लोक म्हणतील नानीच्या घरात गहू न्हवता." आणि घातलं. पांढरं, बारीक, वस्त्रगाळ. "चाळून ठिवलं हुतं तुझ्यासाठी."

तिला सांगितलं होतं. दोनदा. तिनं ऐकलंही होतं, म्हणून तर ज्वारी घेऊन दळायला आली. पण गहू बाधतो तो घरातला, परडीत पडलेला बाधत नाही, हे तिला जन्मापासून ठाऊक आहे. तिच्यावर रागवायला मी फार शोधलं, जागा सापडली नाही. तिचा चेहरा एवढा खूश होता की मी तिच्या पाया पडले.

पडलेला जोगवा परत देत नाहीत. सहावं घर मागत नाहीत. वरचं वर काढायलाही गेलं तर काय निघणार, माझ्या चालीनं ते ज्वारीत उतरतच होतं.

घरी आल्यावर आईनं परात घेतली. आण्णा दारात उभे. काय झालं ते त्यांना परडीकडं बघूनच कळलं. "राहू दे," एवढंच म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. आईनं सगळं पीठ एकत्र केलं आणि मळायला लागली.

मी आत गेले आणि इं. घेतलं. जेवणाचं, पूर्ण. मी ठरवून घेतलं, इथं खोटं लिहायचं नाही. प्रॅ. सोमवारी आहे हे माहीत होतं. गेल्या वर्षी काय झालं ते माहीत होतं. पण इतकी वर्षं ती पोळ्या लाटून भाकरी खाते, आणि मला एक दिवस खाता येत नाही? इं. घेतलं म्हणजे आता खाणं भाग. परतीचा रस्ता मी मुद्दाम बंद केला. बाहेर आले तेव्हा आईनं माझ्या हातातली सुई बघितली.

भाकरी झाली. नैवेद्य दाखवला. आईनं परडीसमोर मला बसवलं, ताट ठेवलं. भाकरीवर कडेला तूप. मी हात पुढं केला. खरंच केला, तुकडा मोडला.

आईनं मनगट धरलं. भट्टीवरची कढई उतरवणारे हात आहेत, हलता येईना.

तुकडा माझ्या बोटांतून काढून घेतला. देवीकडं बघून म्हणाली, आणि आवाज असा की दुकानदाराशी बोलावं, "पोरीच्या पोटात जाऊ दे म्हणलं हुतं. ती माझ्याच पोटातली हाय. तिकडनं काय अन् इकडनं काय." आणि तोंडात घातला.

नववीनंतरचा तिचा पहिला गहू. चावत राहिली. डोळ्यांतून पाणी, पण चावायची थांबली नाही. सबंध भाकरी संपवली. आम्ही दोघं बघत बसलो.

मग उठली, फडक्यात गुंडाळलेली दुसरी भाकरी आणली, माझ्या पिठाची, सकाळीच करून ठेवलेली. ताटात आदळली म्हणावं अशी ठेवली. "खा आता. इंजेक्शन घिऊन बसलीयस न्हवं? अक्कल हाय का जरा?"

खाल्ली.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

आपट्याची पानं, माणसं, गडबड. नानीच्या पाया पडायला गेले. तिनं विचारलं, "खाल्लीस का भाकर?" हो म्हटलं. भाकरी खाल्ली हे खरंच आहे.

आई कालच्या विषयावर एक अक्षर बोलत नाही. दुपारी पोळ्या केल्या. आम्हाला वाढल्या. "म्या मागनं बसते." आज मी जागची हलायची नाही असं ठरवलं होतं, तर इंदूकाकू आल्या, मला बाहेर बोलावलं, परत आले तोवर आईचं ताट घासून उपडं घातलेलं.

आण्णांना विचारलं, काय खाल्लं? म्हणाले, मी भट्टीवर होतो.

नवस तिनं दोन बोलले होते. मी खाईन हा एक, तोवर ती खाणार नाही हा दुसरा. पहिला कुणी फेडला? दुसरा मोडला का फिटला? रसायनशास्त्रात याला काहीतरी उत्तर निघालं असतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

प्रॅ. झालं. हात स्थिर. मध्येच खिशातलं ग्लुकोज एकदा खाल्लं, बाहेरच्या परीक्षकांनी बघितलं. विचारलं, काय आहे? सांगितलं. तिन्हींची नावं सांगितली, ओळीनं. पहिल्यांदाच कुणाला असं सांगितलं. पित्त म्हणाले नाही. ते म्हणाले, बरं, पुढचं रीडिंग घ्या.

बाहेर आल्यावर रुबीनं मिठी मारली. मॅडम लांबून बघत होत्या, मान हलवली. गॅपचा विषय तूर्त नाही.

आईला मेसेज केला. आण्णांच्या फोनवरून उत्तर आलं: एक नारळ, एक फूल. आण्णांना फुलं पाठवता येतात हे नवीन.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

काहीच केलं नाही. झोपले. सांधे दुखतात. प्रॅ. संपलं की शरीर उधारी मागतं. उद्यापर्यंत बसेल. नाहीतर परवा.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी आईला फोन. तुळजापूरला पौर्णिमेची गर्दी, गावातली माणसं चालत गेलीत. आई गेली नाही. का नाही विचारलं, तर म्हणाली, दूध कोण बघणार. दूध दर पौर्णिमेला असतं आणि ती दर वर्षी जाते.

मग मी विचारलंच. "आई, फिटला का गं नवस?"

तिनं ते माझ्यावरच टाकलं.

"तू सांग की. धड झाली की फेडीन, असं बोलले हुते म्या." मग, "बरी हायस का तू?"

असं तिनं कधी विचारलं नव्हतं. आजवर ती विचारायची, बरी झालीस का. मी बिछान्यावर बसले होते. शेजारी इं.चा डबा, गोळ्या, पिठाचा डबा, उद्याची वही. हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर ती परत...

म्हणाले, "आज आहे."

"आज हाय," ती म्हणाली. माझंच वाक्य स्वतःशी म्हणून बघितल्यासारखं. "बरं."

फोन तिनं ठेवला नाही, कुठंतरी टेकवला असणार, कारण परातीचा आवाज आला. स्वयंपाकाची वेळ. रात्री आण्णांना भाकरीच लागते, पोळी लाटली तर ती तिची स्वतःची. मी श्वास धरून कान लावला. भाकरी असली तर थापल्याचा आवाज येईल, पोळी असली तर लाटण्याचा. दोन्ही मला लहानपणापासून पाठ आहेत. पीठ मळून होत आलं होतं. तेवढ्यात आण्णांनी भट्टीचा पंखा लावला, सगळं त्या घरघरीत बुडालं, आणि फोन कट झाला.

परत लावला नाही. आठचं इं. घ्यायचं होतं.